लिफ्ट केलेली गाडी साठ-सत्तरला थडथडते? स्टिअरिंग डॅम्पर बदलण्याआधी हे तपासा

पुलाचा जोड किंवा रस्त्यातला एखादा खड्डा ओलांडला आणि पुढची दोन्ही चाकं एकदम डावी-उजवी फेकली जायला लागली. स्टिअरिंग मुठीत राहत नाही, डॅशबोर्ड खडखडतो, मागे बसलेली माणसं घाबरून सीट धरतात. वेग चाळिसाच्या खाली आला की सगळं शांत. पुन्हा सत्तर गाठा, पुन्हा खड्डा, पुन्हा तेच. उचललेल्या, म्हणजे लिफ्ट किट टाकून उंच केलेल्या, गाड्यांचा हा रोग मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची दोन मला ठाऊक असतात. "दोन इंची किट टाकलं, त्यानंतर सुरू झालं. डॅम्पर बदलला, महिनाभर बरं होतं."

डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप. महिनाभर बरं होतं, ही या रोगाची खूण आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. यातली निम्मी तपासणी फुकट आहे आणि घरासमोर होते.

लिहिलंय ते मुख्यतः पुढे अखंड हाउसिंग (दोन्ही चाकांना जोडणारा एकच लोखंडी अॅक्सल) असलेल्या गाड्यांसाठी, म्हणजे जिप्सी, जिम्नी आणि पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुन्या महिंद्रा जीप. २०२० नंतरच्या थारला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. तिचं दुखणं वेगळं असतं, ते शेवटी थोडक्यात सांगतो.

आधी लक्षण कोणतं ते ठरवा

सगळ्यांना लोक "व्हायब्रेशन" म्हणतात आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. गाडी चालवताना चार गोष्टींकडे लक्ष द्या.

स्टिअरिंग बारीक थरथरतं, पंचावन्न-साठला सुरू होतं, ऐंशीला कमी होतं, खड्ड्याशी संबंध नाही. हे बहुतेक वेळा टायर-रिमचं काम असतं.

खड्डा लागल्यावरच सुरू होतं, अचानक, जोरात, आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. हा खरा वॉबल. कुठेतरी सांध्यात खेळ आहे, किंवा कॅस्टर (चाकाला सरळ ठेवणारा कोन, सातव्या तपासणीत सांगतो) गेला आहे, किंवा दोन्ही.

थरथर स्टिअरिंगला नाही, सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला जाणवते. अॅक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की बदलते. स्टिअरिंगचा इथे काही दोष नाही. शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कोन बिघडलाय किंवा त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, गेलाय.

थरथर काहीच नाही, पण गाडी सरळ जात नाही, सतत हात फिरवत राहावं लागतं, वळणातून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्ये परतत नाही. हा कॅस्टर. आणि एका बाजूचं चाक उंचवट्यावर चढलं की स्टिअरिंग स्वतःहून फिरत असेल, तर ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) कोन.

दोन लक्षणं एकत्र असू शकतात. वहीत लिहून ठेवा: किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत की रिकाम्या, ब्रेक मारताना की सोडताना. माझ्याकडे गाडी आली की मी आधी हेच विचारतो, आणि उत्तर नीट मिळालं तर अर्धा दिवस वाचतो.

वेगाबाबत एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. टायर मोठे केले असतील तर मीटर कमी दाखवतो. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. म्हणजे मीटरमध्ये ७० दिसत असताना गाडी चौऱ्याहत्तरच्या आसपास धावत असते.

आणि रस्त्यात वॉबल सुरू झालाच तर ब्रेकवर उभे राहू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी झुंजू नका, हलका ब्रेक लावत वेग उतरवा, बाजूला घ्या. जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या हाउसिंगवर येतं आणि थडथड आणखी भडकते.

पहिली तपासणी: चिखल आणि हवा

खर्च शून्य. पावसाळ्यात ट्रेलवरून आलेल्या गाडीचं रिम आतल्या बाजूने बघा. लाल माती तिथे थापली जाते आणि दोन दिवसांत विटेसारखी वाळते. मूठभर माती एका बाजूला चिकटली तरी चाकाचा तोल जातो. बाहेरून गाडी चकचकीत धुतलेली असते आणि आत ही माती तशीच. पाइप आत घालून, बोटांनी खरवडून धुवा, मग चालवून बघा. कोकणातून परतलेल्या दोन गाड्या मी नुसत्या एवढ्यावर परत पाठवल्या आहेत.

हवा चारही चाकांत मोजा, टायर थंड असताना. ट्रेलवर १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा डांबरी रस्त्यावर आल्यावर सगळीकडे सारखी भरली जात नाही. एखादं चाक २२ वर राहून जातं. उलट, मोठा टायर आहे म्हणून ४० भरणारेही आहेत. तेवढ्या हवेत टायर खड्डा पचवत नाही, झटका थेट सांध्यांना देतो. दारावरच्या पट्टीवरचा आकडा मूळ टायरसाठी असतो. तिथून सुरुवात करा आणि दोन-दोन पीएसआयने बदलून फरक बघा.

दुसरी: टायर

पुढची चाकं मागे, मागची पुढे. जॅक आणि पाना, अर्धा तास. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर टायर किंवा रिम दोषी. तशीच राहिली तर टायर सुटला, पुढे चला. नट कसताना मॅन्युअलमधला टॉर्क घ्या. पान्यावर पाय देऊन उड्या मारल्या की ड्रम आणि डिस्क वाकडी बसते.

टायरवर हात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. खडबडीत मातीच्या टायरचे ठोकळे एका बाजूने झिजून करवतीच्या दातांसारखे झाले असतील तर ते हाताला लगेच कळतं. मग बॅलन्सिंग करून घ्या. काही शे रुपयांचं काम. फक्त टायरवाल्याला सांगा की बॅलन्सिंगआधी चाक मशीनवर फिरवून ते अंड्यासारखं तर फिरत नाही ना, हे बघ. गोलाईच गेली असेल तर वजनं लावून उपयोग नसतो.

तिसरी: कसलेले बोल्ट, आणि ते कधी कसले

आता गाडीखाली. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. गाडी उचलायची झाली तर जॅकवर कधीही खाली शिरायचं नाही. खाली घोडी (जॅक स्टँड) लावूनच.

किट बसवल्यानंतर ५०० किलोमीटरवर सगळे बोल्ट पुन्हा कसायचे असतात. बहुतेक गाड्यांचे कसलेले नसतात. पाट्याच्या गाडीत यू-बोल्ट (पाटा हाउसिंगला बांधणारा) आधी बघा. नवे पाटे एकमेकांवर बसले की यू-बोल्ट सैल होतो, हाउसिंग पाट्यावर सरकायला लागतं आणि शेवटी सेंटर बोल्ट तुटतो. कॉइलच्या गाडीत आडव्या रॉडचे, म्हणजे पॅनहार्डचे, दोन्ही टोकांचे बोल्ट. हा रॉड हाउसिंगला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. त्याच्या बोल्टाला अर्धा मिलिमीटरही मोकळीक मिळाली तर प्रत्येक खड्ड्याला अख्खं हाउसिंग बाजूला सरकतं आणि स्टिअरिंगला ओढतं.

बुशचं, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळकांड्याचं, सांगतो, कारण इथे चूक जवळपास सगळीकडे होते. रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच कसायचा. किट बसवणारा गाडी हवेत उचलतो, हाउसिंग खाली लोंबतं, आणि तो तिथेच सगळे बोल्ट कसून टाकतो. मग गाडी खाली आली की प्रत्येक बुश पिळलेल्या स्थितीत कायमचा अडकतो. कपडा पिळून धरल्यासारखा. रबर फाटतं, गाडी कडक लागते, आणि उंचीसुद्धा खोटी दिसते. उपाय फुकट आहे: गाडी सपाट जागी उभी करा, बुशचे सगळे बोल्ट एक-दोन आटे सैल करा, बंपर धरून गाडी पाच-सहा वेळा दाबा, मग टॉर्कने कसा. कसून झाल्यावर पांढऱ्या मार्करने नट आणि ब्रॅकेटवर सलग रेघ ओढा. पुढच्या वेळी नुसतं वाकून बघितलं तरी कोणता नट फिरलाय ते दिसतं.

चौथी: हात लावून सांधे तपासणं

सगळ्यात जास्त दोष मला इथेच सापडतात. यंत्र लागत नाही, एक मदतनीस लागतो.

चाकं जमिनीवरच ठेवा. मदतनिसाला स्टिअरिंगवर बसवा. त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं नाही. घड्याळात अकरा ते एक एवढंच, डावी-उजवीकडे, एका लयीत हलवत राहायचं. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक घट्ट. तुम्ही खाली आडवे व्हा आणि स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक सांधा तळहातात धरत जा. बघू नका, धरा. खेळ डोळ्यांना दिसण्याच्या खूप आधी हाताला लागतो. चांगला टाय रॉड एंड (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकाचा सांधा) हातात मऊ फिरतो. गेलेला असेल तर प्रत्येक वेळी दिशा बदलताना 'टक्' असा बारीक ठोका तळहातात उमटतो. मग पॅनहार्डच्या दोन्ही टोकांवर अंगठा असा ठेवा की निम्मा बोल्टावर, निम्मा ब्रॅकेटवर. दोघांमध्ये हालचाल जाणवली तर सापडलं.

गेल्या वर्षी साताऱ्याकडची एक जिम्नी आली होती. दोन इंची किट, आठ महिन्यांत दोन डॅम्पर, एकदा अलाइनमेंट, एकदा टायरसुद्धा बदललेले. मालक घरच्यांना गाडीत घ्यायला घाबरत होता. आम्ही हेच केलं. तिसऱ्या सांध्यावर, चेसिसच्या बाजूच्या पॅनहार्ड बोल्टावर, अंगठ्याला तो ठोका लागला. बोल्ट काढला. ब्रॅकेटचं भोक गोल राहिलं नव्हतं, खजुराच्या बीसारखं लांबट झालं होतं आणि कडेचं लोखंड आरशासारखं घासलेलं. बोल्ट कधीतरी सैल झाला असणार, मग प्रत्येक खड्ड्याला त्याने भोक थोडं थोडं कोरलं. नुसता बोल्ट कसून आता भागणार नव्हतं, पुन्हा सैल झालाच असता. जाड वॉशर प्लेट दोन्ही बाजूंनी जाणत्या वेल्डरकडून भरून घेतली आणि भोक मापाचं केलं. त्यानंतर सगळे बुश चाकांवर कसले. डॅम्परला हातही लावला नाही.

पाचवी: चाक उचलून

एक पुढचं चाक उचला, हाउसिंगखाली घोडी. चाकाला वर आणि खाली धरून, म्हणजे बारा आणि सहावर, हलवा. खेळ असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर हबचं बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिचं, बेअरिंग. मग तीन आणि नऊवर धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडचा.

जिप्सी आणि जिम्नी दोघींना नकलमध्ये (चाक धरून वळणारा हाउसिंगच्या टोकाचा भाग) वर-खाली किंगपिन बेअरिंगं असतात आणि ती शिमने (पातळ चकत्यांनी) ठराविक दाबात बसवलेली असतात. दाब कमी झाला की नकल फार हलकी फिरते आणि थडथडीला अडवणारं काही उरत नाही. मोठा जड टायर आणि बाहेर निघालेलं रिम हे काम लवकर घडवून आणतं. बेअरिंग बदलणं, शिम निवडणं आणि स्प्रिंग काट्याने नकल ओढून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघणं, हे पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नये. ज्याने आधी केलंय त्याच्याकडे द्या आणि शेजारी उभं राहून शिका.

सहावी: टो, टेप लावून

टो म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर बघतात तो कल. अखंड हाउसिंगच्या गाडीत लिफ्टमुळे टो बदलत नाही. टाय रॉड हाउसिंगसोबतच वर-खाली होतो. तरीही टो बिघडलेला सापडला तर टाय रॉड दगडावर आपटून वाकलाय, हे जवळपास पक्कं.

मोजायला खडू आणि टेप पुरे. दोन्ही पुढच्या टायरवर मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खूण करा. दोन खुणांमधलं अंतर घ्या. गाडी हाताने ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा, म्हणजे त्याच खुणा पुढे येतील. पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-चार मिमी कमी असावं. जास्त असेल, म्हणजे चाकं बाहेर बघत असतील, तर गाडी भरकटणारच.

सातवी: कॅस्टर, म्हणजे लिफ्टचं मूळ दुखणं

सायकलचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो, मागे रेललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या किंगपिनचा तसाच मागे रेललेला कोन म्हणजे कॅस्टर. तो गेला की चाकाला सरळ राहण्याची ओढच उरत नाही. मग खड्डा लागला की ते कुठेही वळायला मोकळं.

लिफ्टमध्ये तो का जातो? जिम्नीत पुढचं हाउसिंग दोन लांब लोखंडी हातांवर (आर्म) आहे आणि हातांचं दुसरं टोक मागे चेसिसला. गाडी वर उचलली की हात तिरपे होतात, त्यांच्यासोबत हाउसिंग पुढे झुकतं, आणि किंगपिनचं डोकंही पुढे येतं. किती, याचा हिशेब घरी होतो. चेसिसच्या बुशपासून हाउसिंगच्या मध्यापर्यंत हाताची लांबी मोजा. लिफ्ट भागिले लांबी, गुणिले ५७. लांबी ७०० मिमी आणि लिफ्ट ५० मिमी धरली तर चार अंश. मूळ कॅस्टरच दोन-तीन अंशांचा असेल तर काय उरतं ते तुम्हीच बघा.

जिप्सीत रस्ता वेगळा, परिणाम तोच. तिच्या पुढच्या पाट्याची शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) पुढे असते. लांब शॅकल टाकली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि हाउसिंग पुढे झुकतं. शिवाय शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते. दोन इंच लांब शॅकलला एक इंच. एवढ्यासाठी कॅस्टर घालवायचा हा सौदा मला कधीच पटलेला नाही. जिप्सी उचलायची तर चांगल्या कमानीचे नवे पाटे घ्या, शॅकल मूळचीच ठेवा.

मोजणं: जागा सपाट, हवा सारखी, चाकं सरळ. किंगपिनच्या वरच्या झाकणाच्या सपाट भागावर मोबाइलचं लेव्हल अॅप पुढे-मागे धरा. अंदाज येतो. खात्रीसाठी अलाइनमेंटवाल्याकडे जा आणि "कॅस्टरचा आकडा छापून दे" असं स्पष्ट सांगा. बरेच जण टो सेट करून गाडी सोडतात, कारण या गाड्यांत कॅस्टर फिरवायला पाना लागत नाही, भागच बदलावा लागतो.

भरून काढायला जिम्नीत भोक मध्यापासून सरकवलेले कॅस्टर बुश, किंवा हातांचं चेसिसकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा बदललेल्या कोनाचे हात. पाट्याच्या गाडीत पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये लोखंडी पाचर. हाउसिंग पाट्याच्या वर बसलेलं असेल, जसं मूळ जिप्सीत असतं, तर पाचरेची जाड बाजू पुढे. पाटे हाउसिंगच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. उलटी बसवली की उरलेला कॅस्टरही जातो. अशी उलटी पाचर मी स्वतःच्या हातांनी काढली आहे. पाचर लोखंडाची किंवा पोलादाची घ्या, अॅल्युमिनियमची पुढे चिरडते. आणि दोन-तीन अंशांवर थांबा, कारण हाउसिंग मागे रेललं की पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथे हाउसिंगला जोडतो तिथलं, तोंड खाली जातं आणि पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. एकीकडे भरलं की दुसरीकडे रितं होतं. जास्त लिफ्टमध्ये हा ताळमेळ जमवणं अवघड होत जातं, ते यामुळे.

आठवी: ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड

गाडीसमोर बसून दोन्ही रॉड एका नजरेत बघा. ते एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक जास्त तिरपा असेल तर चाक वर-खाली होताना हाउसिंग एका वर्तुळावर फिरतं, लिंक दुसऱ्यावर, आणि स्टिअरिंग स्वतःहून ओढलं जातं. बऱ्याच किटमध्ये पॅनहार्ड बदलून देतात आणि ड्रॅग लिंक तशीच सोडतात.

लिफ्टनंतर स्टिअरिंग मध्यावर राहत नाही तेही याचमुळे. ते स्टिअरिंगचं चाक काढून फिरवून बसवू नका. ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. नाहीतर ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सर सरळ चालतानाही वळण वाचतो, दिवा लागतो, आणि नको तिथे ब्रेक लागू शकतो.

जिप्सीत पाटे हाउसिंगच्या वर घेऊन पाच इंचांच्या आसपास उचललेली गाडी असेल तर सरळ ड्रॅग लिंक चालतच नाही, झेडच्या आकाराची लागते. ती कुठे वाकवून घेतलेली असेल तर आज बदला. स्टिअरिंगचा रॉड तापवून वाकवणं किंवा तुटल्यावर वेल्ड करणं, दोन्ही नको.

नववी: शाफ्ट

सीटखालच्या थरथरीसाठी. दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असलेल्या शाफ्टचा नियम सोपा आहे: ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, आणि पिनियनचा फ्लँज समांतर असावेत, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे. मोबाइलचं लेव्हल दोन्हीकडे धरा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल तर मागच्या हाउसिंगचा कोन सुधारावा लागेल. थरथर फक्त फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देताना, येत असेल तर पुढचा शाफ्ट. ही चाचणी मातीच्या रस्त्यावर करा, कोरड्या डांबरावर नाही. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी आहे आणि रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. रबर बसलं की ती तिरपी होते आणि तिन्ही शाफ्टचे कोन बिघडतात. शाफ्ट उतरवण्याआधी टॉमी (लोखंडी पहार) घालून ती हलवून बघा.

आता डॅम्पर. सगळं झाल्यावर, शेवटी. तो हादरा पचवतो, बारीक दोष तात्पुरता लपवतो. सैल सांध्यावर नवा डॅम्पर बसवलात तर सांधा झिजतच राहतो, फक्त तुम्हाला कळत नाही. आणि कळतं तेव्हा भोक लांबट झालेलं असतं.

इथे थांबा

पुढचं काही दिसलं तर पाना खाली ठेवा. स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसिसला बसतो तिथे बारीक भेग. ती गंजाच्या रेघेसारखी दिसते, तारेच्या ब्रशने घासल्यावर कळते. पॅनहार्ड किंवा हाताच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग सुटलेलं. नकलला तडा. स्टिअरिंग बॉक्सच्या आतच खेळ. चाकं लोंबकळल्यावर ब्रेकचा पाइप ताठ ओढला जाणं. टाय रॉड एंड बाहेर यायच्या बेतात. यातलं एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, टोइंगच्या गाडीने न्या. चेसिसवरचं वेल्डिंग गेट-ग्रिल करणाऱ्याकडून करून घ्यायचं काम नाही. आणि आठव्या तपासणीपर्यंत सगळं ठीक निघूनही वॉबल येतच असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका. फोर बाय फोरचं काम रोज करणाऱ्या माणसाला दाखवा.

थार आणि टॉर्शन बारच्या गाड्या

२०२० च्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक हात) आहे. तिथे वर वर्णन केलेला वॉबल सहसा येत नाही. येतो तो वळताना कट-कट आवाज, फाटलेला सीव्ही बूट (चाकाकडच्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) आणि आतून खाल्लेला टायर. शॉकअपच्या डोक्यावर ठेवलेला स्पेसर जेवढा जाड दिसतो त्यापेक्षा गाडी जास्त उचलतो, कारण शॉकअप हाताच्या मध्येच कुठेतरी बसलेला असतो, चाकापाशी नाही. इथे लिफ्टनंतर टो आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) दोन्ही बदलतात, अलाइनमेंट त्याच दिवशी हवीच. जुन्या थारमध्ये टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पीळ बसणारी दांडी) पिळून पुढचा भाग वर घेतात. त्यात नवं काही मिळत नाही. चाक खाली सोडायची जागा खर्चून ती उंची आलेली असते, म्हणून चाक प्रत्येक खड्ड्यात खाली जाताना हात ठोकर खातो.

नवं किट घ्यायचं असेल तर

ट्रेलवर पोट घासतं म्हणून लोक लिफ्ट घेतात. घासतं काय, ते आधी बघा. डिफरन्शियलचा, म्हणजे हाउसिंगवरचा, गोळा घासत असेल तर कोणतंही किट त्याला एक मिलिमीटरही वर नेणार नाही. अखंड हाउसिंग फक्त टायरने उचललं जातं, तेही व्यासातल्या वाढीच्या निम्मं. वरच्या जिम्नीच्या उदाहरणात सुमारे २० मिमी. चेसिस, बंपर, पाऊलपट्टी घासत असेल तर लिफ्टचा उपयोग आहे. म्हणून आधी टायर ठरवा, मग तो टायर पूर्ण दबल्यावर न घासण्यापुरतीच लिफ्ट घ्या. आपल्या सह्याद्रीतल्या दगड-चिखलाला दीड-दोन इंच पुरतात, असं माझं मत आजवर बदललेलं नाही.

स्प्रिंग वजनावर निवडा. लोखंडी बंपर, विंच, टपावर कॅरिअर असेल तर कडक. रिकामी गाडी असेल तर तीच कडक स्प्रिंग तिला उंच आणि उडती करते. विक्रेत्याला विचारा की दोन इंच कोणत्या वजनाला. किटमध्ये स्प्रिंगसोबत योग्य लांबीचे शॉकअप, कॅस्टर दुरुस्ती, लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड, ब्रेक पाइपची सोय आणि खाली आणलेले बंप स्टॉप (चाक किती वर जाईल ते अडवणारे रबरी ठोकळे) आहेत का ते मोजा. नुसते स्पेसर आणि लांब शॉकअप म्हणजे अर्धं किट. उरलेलं अर्धं तुम्ही वर्षभर गॅरेजमध्ये विकत घेता. पुढच्या पाट्यावर लोखंडी ठोकळा ठेवून गाडी उचलायचा सल्ला कोणी दिला तर तिथून निघा. ब्रेक मारला की पाटा पिळतो आणि ठोकळा निसटू शकतो.

आणि कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर हा प्रश्न विचारायला तुम्ही नाही, ते येतात.

दुरुस्ती झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने, चाळीसपासून दहा-दहाने वेग वाढवत घ्या. ज्या पुलाच्या जोडावर थडथड व्हायची, त्याच जोडावरून जा. मग ५०० किलोमीटरनंतर पुन्हा गाडीखाली आडवे व्हा आणि पांढऱ्या रेघा जुळतायत का ते बघा.